मी बसून सांगायची, ते उभे राहायचे

माझं माहेर अकोल्याचं. वडील जिल्हा परिषदेत टायपिस्ट, आम्ही तिघी बहिणी, मी मधली, आणि मधलीकडे घरात कोणाचं लक्ष नसते म्हणून वंदना खेळाकडे वळली असं आई सगळ्यांना सांगायची. पण तसं काही नाही, आमच्या घरामागे शाळेचं मैदान होतं, त्यात सिमेंटचं एक कोर्ट होतं, एका बाजूला लोखंडी रिंग आणि दुसऱ्या बाजूचा खांब कोणीतरी कापून नेलेला, म्हणजे अर्ध्याच कोर्टावर आमचं सगळं बास्केटबॉल. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको, नऊनंतर त्या सिमेंटवर पाय ठरत नव्हता, म्हणून आम्ही पोरी सकाळी सहाला जायचो, सलवार-कमीजवर, ओढणी कमरेला बांधून. मग मी युनिव्हर्सिटीकडून खेळली, दोन वर्षं कॅप्टन होती, बी.पी.एड. केलं आणि नागपूरला मुलींच्या एका कॉलेजात लागली. तुम्ही लिहून घेऊन राहिले ना, तर हे नीट लिहा, कारण पुढे मला कोणीतरी विचारलं की तुला अनुभव काय.

त्या कॉलेजात माझ्याआधी बास्केटबॉलची टीमच नव्हती. मला सगळे खेळाच्या बाई म्हणायचे, मॅडम नाही, मॅडम म्हणजे केमिस्ट्रीच्या. मी एकेका पोरीच्या घरी जायची, चहा प्यायची, तिच्या आजीला सांगायची की आजी, हाफपँट नाही घालणार, पूर्ण ट्रॅकपँट घालतील, आणि मीच घरी आणून सोडीन. तिथे सहा वर्षं मी टीम उभी केली, दोनदा आम्ही इंटर-कॉलेजिएटची फायनल खेळलो, दोन्हीदा हरलो, पण खेळलो. माझा राग आहे तो तेव्हापासूनचा आहे, पोरी म्हणायच्या बाई शिट्टी वाजवायच्या आधी डोळ्यांनीच वाजवतात. लग्न माझं उशिरा झालं, एकोणतिसाव्या वर्षी, विवेकशी. विवेक सॉफ्टवेअरचा, स्वभावानं गरीब, आणि लग्नानंतर वर्षभरात त्याचं इकडचं ठरलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, जा, दोन वर्षांनी ये, तुझी जागा ठेवतो. मी पण खरंच समजली की दोन वर्षांनी येईन.

दोन हजार एकच्या शेवटी आलो आम्ही, इकडे अमेरिकेत, बॉथेलला. विवेकचं ऑफिस रेडमंडला, तो सकाळी बसनं जायचा, आणि मी अपार्टमेंटमध्ये. माझा व्हिसा डिपेंडंटचा. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पगार घेता येत नाही, एवढंच मला सांगितलं होतं, बाकी दिवसभर काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. आणि पाऊस. आपल्याकडे पाऊस येतो, पडतो, जातो, इथला आपला नुसता झिरपत राहतो, ऑक्टोबरपासून मेपर्यंत. काय सांगू तुम्हाला, पहिल्या चार महिन्यांत मी इतक्या पोळ्या केल्या की विवेक म्हणाला, यार, फ्रीझरमध्ये जागा नाही आता.

अपार्टमेंटमागे पार्क होता, पार्कात रिंग होती. मी एक बॉल आणला आणि रोज सकाळी फ्री-थ्रो टाकायला लागली, ओल्या कोर्टावर, विवेकचं जॅकेट घालून, मोठ्यानं मोजत, एक, दोन, तीन. एक दिवस छत्री घेऊन फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबले, पासष्टीच्या आतबाहेरचे, लोकरीची टोपी, आणि म्हणाले, सत्तावीस दोनदा म्हणालीस गं, आता अठ्ठावीस मोज. हे आपटे काका. मूळ पुण्याचे, पण इथल्याच एका छोट्या कॉलेजात, दोन वर्षांचं असते ना तसल्या कॉलेजात, वीस-बावीस वर्षांपासून गणित शिकवत होते. त्या दिवशी ते मला घरी घेऊन गेले, काकूंनी थालीपीठ केलं, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडली. काकूंनी दुसरं थालीपीठ टाकलं. त्या घराचं मीठ मी सहा वर्षं खाल्लं आहे, हे पण लिहा, मला एकतर्फी सांगायचं नाही.

काकांच्या कॉलेजात मुलींची टीम नवीन सुरू होणार होती आणि त्यांना कोच टिकत नव्हता, एक आली ती पंधरा दिवसांत गेली. काकांनी माझं नाव सांगितलं. आता अडचण अशी की मला पगार देता येत नव्हता आणि कॉलेजचा नियम होता की टीमचा हेड कोच कॉलेजचा नोकर पाहिजे. तर काका म्हणाले, त्यात काय, कागदावर मी राहतो, काम तू कर, मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, मी आपला बेंचवर बसून पेपर तपासीन. मला इतका आनंद झाला की मी वाकून पाया पडली त्यांच्या. कागद म्हणजे काय असते ते मला कुठे ठाऊक होतं. अकोल्याची पोरगी मी, आमच्याकडे काम करणाऱ्याला सगळं गाव ओळखते.

पहिल्या वर्षी नऊ पोरी आल्या, त्यातल्या चौघींनी आधी बॉल हातात धरला नव्हता. एक होती लोसा, सामोआ बेटांवरच्या कुटुंबातली, आडव्या हाडाची, दुपारी किराणा दुकानात काम करून प्रॅक्टिसला यायची. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकातलं, मी वाक्य जुळवेपर्यंत पोरी दुसरीकडे पळालेल्या असायच्या, मग मी बोलणं सोडलं आणि करून दाखवायला लागली. आणि मी त्यांना खो-खो शिकवला. हसू नका. बास्केटबॉलमध्ये बचाव करणारीला गुडघे वाकवून, वजन पंजावर ठेवून, एका क्षणात दिशा बदलावी लागते, आणि ते खो-खो इतकं कोणताच खेळ शिकवत नाही. मी त्या लाकडी कोर्टावर आठ पोरींना एकाआड एक तोंड करून बसवलं आणि नववीला पळवलं. त्यांना वाटलं बाई वेडी आहे. महिन्याभरात त्यांच्या पायात जी चपळाई आली ती बघून शेजारी प्रॅक्टिस करणारी मुलांची टीम थांबून पाहायला लागली. मॅचमध्ये एकीनं आपण अडवत असलेली समोरची खेळाडू दुसरीला सोपवायची असली की पोरी ओरडायच्या, खो. समोरच्या टीमला कळायचंच नाही ही काय भानगड आहे. मला कोच व्ही म्हणायच्या, वंदना त्यांच्या तोंडात बसत नव्हतं.

आता मुद्द्याचं सांगते. तिसरी की चौथी मॅच होती आमची, रेफरीनं लोसाला उगाचच फाउल दिला आणि मी उठून ओरडली. रेफरी आला आणि मला म्हणाला, मॅडम, तुम्ही हेड कोच आहात का. मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, हेड कोच मी आहे. रेफरी म्हणाला, मग उभं राहायचं तुम्ही, असिस्टंटनं बसून राहायचं, पुन्हा उठल्या तर दंड. नियमच आहे तसा. म्हणून आम्ही तेव्हापासून एक पद्धत काढली. मी काकांच्या बाजूला बसायची, नजर खेळावर, आणि मराठीत सांगायची, काका, चार नंबरला डावीकडे ढकला, काका, टाइमआउट घ्या, काका, त्या उंच पोरीला उजव्या हातानं जमत नाही, तिला उजवीकडेच जाऊ द्या. आणि काका उभे राहून तेच इंग्रजीत ओरडायचे. आवाज खणखणीत, वर्गात शिकवून शिकवून कमावलेला. समोरच्या टीमला मराठी कळत नव्हतं, म्हणजे आमचा बेत शेवटपर्यंत गुपित. आम्ही दोघं किती हसायचो त्याच्यावर. येताना गाडीत काका म्हणायचे, मी तुझा लाउडस्पीकर आहे गं. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत.

पहिल्या वर्षी आम्ही दोन मॅच जिंकलो. दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी मी गाडी शिकली, कारण डोंगरापलीकडच्या कॉलेजांत मॅच असायच्या आणि काकांना बर्फात गाडी चालवायची भीती वाटायची. बारा पोरींची व्हॅन मी घाटातून नेली आहे, समोर पांढरं पांढरं आणि मागे पोरी गाणी म्हणून राहिल्या, आणि काका बाजूच्या सीटवर डोळे मिटून रामरक्षा. मधेच मला मुलगी झाली, रेवा. तिला मी बाळाच्या खुर्चीत घालून प्रॅक्टिसला न्यायची, तिचे पहिले शब्द आई, बाबा आणि डिफेन्स. विवेक चिडायचा. म्हणायचा, यार वंदना, फुकटची नोकरी तू किती करशील. मी म्हणायची, माझी टीम आहे ती.

काका कधी बदलले ते मला नक्की सांगता येणार नाही. मी पुष्कळ विचार करून पाहिला. आधी ते स्वेटर घालून यायचे आणि मांडीवर पेपर. मग पेपर आणणं बंद झालं. मग एक दिवस टाय घातला. काकू म्हणाल्या, नवा आहे, त्यांनीच आणला. मग मॅच संपल्यावर समोरच्या कोचशी हात मिळवायला ते आधी जायला लागले, आणि आमच्या पोरी म्हणायच्याऐवजी माझ्या पोरी म्हणायला लागले. मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं. वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला छंद लागला, आपल्यामुळे लागला. मी सांगितलेलं वाक्य ते आता स्वतःचा एखादा शब्द घालून ओरडायचे, आणि तो शब्द बहुतेक वेळा चुकीचा असायचा, तर मी दुसऱ्या खेपेला तेच परत सांगायची. विवेकनं एकदा म्हटलं होतं, तुझे काका आता मॅच बघत नाहीत, मॅचचा प्रयोग करतात. मी त्याच्यावरच चिडली.

पाचव्या वर्षी, दोन हजार सातच्या सुरुवातीला, आम्ही पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत गेलो. त्या छोट्या कॉलेजच्या कोणत्याच टीमला ते जमलं नव्हतं. तिथे पोचवणारी शेवटची मॅच आम्ही दोन पॉइंटांनी जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या लहानशा पेपरात फोटो आला, काका हात वर करून ओरडताना, टाय खांद्यावर उडालेला. त्यांच्या कमरेशी एक गुडघा दिसते आणि गुडघ्यावर वही. तो गुडघा माझा. खाली लिहिलं होतं, की भारतातल्या आपल्या लहानपणीच्या एका खेळावरून प्रोफेसर आपटेंनी ही पद्धत शोधून काढली. अहो, काका आयुष्यात कधी मैदानात उतरले नाहीत, ते कॅरम खेळायचे. मी विचारलं, काका, हे काय. ते म्हणाले, अगं पेपरवाले काहीही लिहितात, मी भारतातला खेळ एवढंच म्हणालो. मी सोडून दिलं. घरी मात्र विवेकला तो पेपर दाखवला नाही.

मग गणपतीत आमच्या महाराष्ट्र मंडळानं काकांचा सत्कार ठरवला. आता इथे माझी चूक आहे, आणि ती मी कोणावर ढकलत नाही. मंडळाची स्मरणिका निघते दरवर्षी, त्यात संपादकांनी मला काकांवर दोन पानं लिहायला सांगितली. तुम्ही मला सांगा, आपल्याकडे वडीलधाऱ्यांवर लिहायचं म्हणजे कसं लिहितात? मी तसंच लिहिलं. लिहिलं की या टीमचं सगळं श्रेय काकांचं आहे, त्यांनी बोट धरून मला इथे आणलं, मी फक्त त्यांच्या सावलीत उभी राहिली, जे काही शिकली ते त्यांच्या पायाशी शिकली, माझं यात काहीच नाही. असंच लिहितात ना आपण? वाचणारा समजून घेते ना, की करणारीच असं म्हणते, न करणारी कशाला म्हणेल? नागपूरला माझ्या निरोप समारंभात मी पण म्हणाली होती की मी काही केलं नाही, सगळं पोरींनी केलं, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं कोणी केलं. सत्काराच्या दिवशी स्टेजवर काकांना शाल आणि श्रीफळ पण मलाच द्यायला लावलं. मी दिलं, परत पाया पडली, टाळ्या झाल्या. काकांच्या डोळ्यात पाणी होतं. माझ्याही होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमचे ग्रीन कार्डाचे अर्ज एकदाचे गेले, आणि थंडीत माझ्या हातात काम करायचं परवानगीपत्र आलं. सहा वर्षांनी. मी ते कार्ड देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं. आणि बघा योग कसा, दोन हजार आठच्या वसंतात कॉलेजनं जाहिरात काढली, मुलींच्या टीमला पगारी हेड कोच पाहिजे. काका त्या वर्षी गणितातून रिटायर होणार होते, म्हणजे कागदावरची जागा तशीही रिकामी होणार. मला वाटलं, देव आहे. मला पैशाचं काही नव्हतं, विवेकचा पगार पुष्कळ होता. मला एकदा उभं राहायचं होतं. बेंचवरून उठून, रेषेपाशी जाऊन, माझ्या तोंडानं माझ्या पोरींना सांगायचं होतं. बस, एवढंच पाहिजे होतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी मी काका-काकूंच्या घरी गेली, आशीर्वाद घ्यायला. दुसरं कोण होतं माझं इथे. काकूंनी हातावर दही-साखर ठेवली. ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी, मला वाटलं रात्री झोप झाली नसेल. काकांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, होईल गं, सगळं चांगलंच होईल. मी त्यांना विचारलं, काका, तुम्हाला फोन करतील ना ते, माझ्याबद्दल विचारायला. ते म्हणाले, करतील, करतील.

इंटरव्ह्यू घ्यायला ब्रायन होता, स्पोर्ट्सचा मुख्य. सज्जन माणूस, पण दीड वर्षापूर्वी आलेला, सुरुवातीचं त्यानं काही पाहिलं नव्हतं. आणि दोन वर्षांचं कॉलेज, पोरी येतात नि जातात, लोसाची बॅच कधीच निघून गेली होती. मी सगळं सांगितलं, अकोला, नागपूर, इथली सहा वर्षं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. म्हणाला, हे तुम्ही लिहिलं आहे का. स्मरणिकेतला माझा लेख होता तो, इंग्रजीत केलेला, शब्द न् शब्द बरोबर, कुठे एक काना-मात्रा वाढवलेला नाही. सगळं श्रेय त्यांचं. माझं यात काहीच नाही. मी म्हटलं, हो, मीच लिहिलं, पण तुमच्याकडे हे कसं आलं. तो म्हणाला, दुसऱ्या उमेदवाराच्या अर्जाला जोडलेलं आहे. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, दुसरा उमेदवार कोण. त्यानं सांगितलं नाही, त्याला सांगता येत नव्हतं, पण त्यानं मान खाली घातली आणि मला कळलं. माझ्या तोंडात अजून दह्याची चव होती.

मग त्यानं विचारलं, यातलं कोणतं वाक्य खरं नाही, तेवढं सांगा. बाप्पा, काय सांगू मी त्याला? मी म्हटलं, आमच्याकडे मोठ्यांबद्दल असं लिहायची रीत आहे. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं. मी म्हटलं, खोटं नाही. तो म्हणाला, म्हणजे खरं आहे. सगळं खरं सांगायचं तर मला म्हणावं लागलं असतं की आपटे काका खोटारडे आहेत, आणि कॉलेजला फसवून सहा वर्षं त्यांच्या नावावर मी काम केलं. आपलेच दात, आपलेच ओठ. परक्या माणसासमोर माझी जीभ उचलली नाही. आजही मला तेच खुपते, की काकांनी केलं ते केलं, पण त्या खोलीत मी पण माझ्याशी बेइमानी केली.

तिथून सरळ त्यांच्या घरी गेली. चप्पल पण काढली नाही मी, तशीच हॉलमध्ये उभी राहिली. म्हटलं, काका, तुम्ही अर्ज केला? सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तुमचा अर्ज तिथे पडलेला होता? ते खुर्चीत बसले होते, म्हणाले, अगं बस तरी. मी नाही बसली. म्हणाले, रिटायर झाल्यावर मी करू काय, तू तरुण आहेस, तुला दहा जागा मिळतील, मला ही एकच आहे, आणि तू असशीलच की बरोबर, तुला पगारी असिस्टंट करून घेणार आहे मी, ब्रायनशी बोललो आहे. म्हणजे मोठी मेहेरबानी. मी म्हटलं, आणि माझा लेख? ते म्हणाले, त्यात काय, तूच लिहिलायस. मी म्हटलं, ते रीत म्हणून लिहिलं होतं हो, तुम्हाला ठाऊक आहे. तर ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि काय सांगू तुम्हाला, त्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लबाडी असती तर मी सहन केलं असतं. ते म्हणाले, रीत म्हणून? मला तर ते खरंच वाटलं होतं गं. मी चार वेळा वाचलं ते, रडलो वाचून.

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही सांगा यांना, तुम्ही तर पहिल्या दिवसापासून पाहिलं आहे, कोण सांगायचं नि कोण ओरडायचं. काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, वंदना, या वयात आता मी यांना काय सांगू. बस. केसानं गळा कापणं म्हणतात ना, तो असा कापतात. थालीपीठ वाढणाऱ्या हातानं.

काकांना ती जागा मिळाली. विवेक म्हणाला, सोड ना यार, तशीही ती तुझी नोकरी नव्हती, आणि ग्रीन कार्डाचा निकाल लागायचा आहे अजून, उगाच गाजावाजा कशाला. तो माझ्या भल्याचंच बोलत होता, पण त्या दिवशी मला वाटलं या घरात पण मी एकटीच आहे. लोसाला कुठून तरी कळलं, ती आता नर्सिंग करते, तिनं ब्रायनला लांबलचक ईमेल लिहिला, की आम्हाला शिकवलं ते कोच व्हीनं. त्याचं उत्तर आलं, आभारी आहोत, निवड झालेली आहे. सहा वर्षांत माझ्या बाजूनं बोललेलं माणूस ते एक. असिस्टंटची जागा मी घेतली नाही. काकांचे तीन फोन आले, मी उचलले नाही. आयत्या बिळावर नागोबा बसते ते ठीक आहे, पण बीळ खोदणारीनं रोज जाऊन त्याला दूध पाजावं, हे मला जमणार नाही.

आता मी इथल्या प्राथमिक शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांना सांभाळते. पिवळं जॅकेट घालते, गळ्यात शिट्टी असते, कोणी पडलं की उचलते. तुम्ही चहा घ्या, थंड होऊन राहिला. रेवा चार वर्षांची आहे, परवा मला म्हणते, मम्मा, व्हाय डोंट वुई गो टू द जिम एनीमोर. मी तिला म्हटलं, कॉलेजचं ते कोर्ट आता दुसऱ्यांचं आहे. ती म्हणाली, ओके, आणि खेळायला गेली. तिचं बरं आहे.

सीझन सुरू झाला आहे. मंडळातल्या लोकांकडून कळते, तीनपैकी तीन मॅच हरले. लोक मला सांगतात, त्यांना वाटते मला बरं वाटेल. एक बाई तर म्हणाली, बघ, देव न्याय करतो. मी तिच्याशी भांडली. म्हटलं, हरून कोण राहिलं आहे? काका हरून नाही राहिले, काका घरी जाऊन गरम वरणभात खातात. हरून राहिल्या आहेत त्या पोरी, ज्या दिवसभर दुकानात उभ्या राहून प्रॅक्टिसला येतात आणि ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही.

काकांना माझा शाप नाही. शंभर वर्षं जगोत ते, आणि दर मॅचला त्या रेषेपाशी उभे राहोत, आणि बाजूला कोणी काही सांगत नाही हे त्यांना दर मिनिटाला ऐकू येवो. हा आशीर्वाद समजा नाहीतर दुसरं काही समजा, तुम्हाला लिहायचं ते लिहा. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा मी त्यांच्यासाठी काही मागत नाही. मी म्हणते, देवा, पोरींना जिंकू दे. जिंकल्या की पेपरात फोटो काकांचाच येणार, नाव त्यांचंच होणार, मला माहीत आहे. तरी जिंकू दे.